गुळव्याची जागा

नदीकाठच्या एका गावात केरबा नावाचा एक गुऱ्हाळवाला होता. त्याची तीन गुऱ्हाळं. त्यातल्या एकावर तुळसा बारा वर्षं चुलवाणाला जाळ घालत होती. काहिलीत उकळणाऱ्या रसाच्या नुसत्या वासावरून गूळ कधी उतरवायचा, ते तिला अचूक कळे. नवे गडी तिच्याच हाताखाली शिकत आणि दोन-तीन वर्षांत गुळवे, म्हणजे गुऱ्हाळाचे मुख्य कारागीर, होऊन दुसरीकडे जात.

यंदा केरबाच्या पलीकडच्या काठावरच्या गुऱ्हाळात गुळव्याची जागा रिकामी झाली. त्याने ती भैरू नावाच्या गड्याला दिली.

"मालक, त्याला मीच शिकवलं. मग मी का नको?" तुळसाने विचारलं.

"तुझ्या कामाला नाव ठेवायला जागा नाही गं. पण तुझं घरदार, पोरंबाळं इथं. तू कुठली गाव सोडतेस?"

"हे मला कधी विचारलंत?"

केरबा ढेपा मोजायला वळला.

तुळसाने घरी येऊन नवऱ्याला सगळं सांगितलं. शिरपती टोपल्या विणायचा. तो म्हणाला, "बांबू काय, दुसऱ्या गावीही मिळतो. चल!"

चार कोसांवर दौलू पाटलाला गुळव्या हवा होता. बाई बघून तो घुटमळला.

"एक काहील करू द्या," तुळसा म्हणाली. "बिघडली तर आल्या वाटेने परत जाईन."

रस उकळू लागला. तिने मळी काढली. फेस पिवळा होताच गडी म्हणाले, "उतरवा!" तिने मान हलवली. थेंबभर रस पाण्यात टाकून बोटांनी गोळी वळून पाहिली. गडी घाई करत होते, तरी ती थांबली. मग ओरडली, "आता!"

गूळ सोनेरी, रवाळ निघाला. पाटलाने खडा तोंडात टाकला आणि बायकोला हाक मारली, "अगं, पळत ये! गुळवी मिळाली!"

त्या हंगामात बाजारात तुळसाचा गूळ हातोहात खपला. केरबा स्वतः तिच्याकडे आला. "परत चल. तिन्ही गुऱ्हाळं तुझ्या हाती देतो."

"मालक, मी इथं रमले. पण तुमच्याकडची गोदा आठ वर्षं जाळापाशी उभी आहे. तिच्याशी बोला."

केरबा खाली मान घालून परतला. पुढच्या हंगामात गोदा गुळवी झाली. तिने आपली पहिली ढेप तुळसाला पाठवली. तुळसाने ती फोडून अख्ख्या गावाचं तोंड गोड केलं.

तात्पर्य: माणसाला बढती त्याच्या कामावरून द्यावी, बाई आहे म्हणून तिच्या वतीने आपणच नकार देऊन मोकळं होऊ नये.