दफ्तर गडावर, कारकून माळावर

"दफ्तरातला एक कागद गडाबाहेर जायचा नाही, आणि माळावरच्या कारकुनाला मात्र दफ्तर हवं तेव्हा हाताशी मिळालं पाहिजे! आठ दिवसांत जमवा, नाहीतर पाटाचं दार कायमचं बंद!"

एवढं बोलून उंबरगडचे गजेंद्रराजे जेवायला गेले. दरबारातल्या मंडळींची भूक मात्र पार मेली.

तसं पाहिलं तर महाराजांचं फार चुकत नव्हतं. गडाखालचा पाट बारा गावांतून जायचा आणि कुणाची पाळी कधी, ते गडावरच्या वह्यांत लिहिलेलं असायचं. तंटा झाला की फिरतीवरचा कारकून गड चढून यायचा, वही बघायचा, परत जायचा. यात तीन दिवस मोडायचे आणि तोवर गावात दोन-चार डोकी फुटलेली असायची. मागे एक कारकून वहीच सोबत घेऊन निघाला. वाटेत शेजारच्या राजाच्या माणसांनी ती लांबवली, आत वाट्टेल ते खरडलं आणि गुपचूप परत ठेवली. महिनाभर दोन गावं एकमेकांवर फावडी उगारत होती. तेव्हापासून गडाबाहेर चिठोरंही जात नव्हतं. स्वार पाठवला तर पकडला जायचा, कबुतर सोडलं तर शेजाऱ्याकडे ससाणा होता.

तिसऱ्या दिवशी जांभळी गावची साळू गडावर आली. तिच्या बापाचा कांदा पाण्यावाचून माना टाकत होता आणि थोरला भाऊ डोक्याला फडकं बांधून पडला होता. पाट बंद झाला तर घरात खायला काय, हा विचार करकरून तिचा जीव अर्धा झाला होता. पण महाराजांपुढे ती ताठ उभी राहिली.

"म्हाराज, टेकडीटेकडीवर धनगरांचा एकेक ढोल बसवा. एकाचा ऐकून दुसरा वाजवंल. गडावरचा निरोप घटकाभरात जांभळीत!"

"शाब्बास! म्हणजे शत्रूलाही घरबसल्या ऐकू जाईल!"

"जाऊ द्या की. त्याला नुसते ठोके ऐकू जातील. चार ठोके म्हंजे ओवीतला चौथा शबूद. त्याचं पैलं अक्षर घ्यायचं. असं अक्षराला अक्षर जोडत जायचं."

"कुठली ओवी?"

"ज्याची त्याची आई जात्यावर म्हणती ती. बारा कारकून, बारा आया, बारा तऱ्हा! कागदावर न्हाई म्हणून चोरता येत न्हाई, आणि पोराला तर मांडीवर असल्यापास्नं पाठ."

महाराजांनी मिशीवरून हात फिरवला आणि ढोल मंजूर केले. मग दफ्तरदार तात्याबा बारा घरी जाऊन बारा जात्यांपुढे बसले आणि गंभीर चेहऱ्याने ओव्या पाठ करू लागले. बायका हसायच्या. तात्याबा म्हणायचे, "राज्याचं काम आहे, हसू नका. पुन्हा म्हणा."

महाराजही काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. त्यांनी प्रधानजींना बोलावून कानात सांगितलं, "जांभळीच्या अंताजी कारकुनाच्या आईची ओवी चोरून आणा. बघू या पोरीचं कुलूप किती पक्कं आहे ते!"

आठव्या दिवशी जांभळीत गोपा आणि राघो पाटाच्या तोंडाशी फावडी घेऊन उभे राहिले. पाळी कुणाची, म्हणून अंताजीचा ढोल वाजला. तात्याबांनी वही उघडली आणि गडावरून उत्तर गेलं. चार ठोके. जरा विसावा. मग सात ठोके.

महाराजांनी प्रधानजींची चिठ्ठी काढली आणि बोटांवर मोजलं.

*पहिली माझी ओवी, मारुतीच्या गळ्याला*
*रुईची साजे माळ, शेंदूर त्याच्या भाळाला*

चौथा शब्द मारुतीच्या. सातवा साजे. महाराजांनी पुन्हा एकदा मोजून पाहिलं.

"मासा? पाण्याची पाळी माशाची?"

प्रधानजी खाकरले. "तसा पाण्यावर पहिला हक्क त्याचाच, महाराज."

दुपारी जांभळीहून स्वार आला. अंताजीने ढोल ऐकला, गोपाचं नाव पुकारलं आणि राघो फावडं खांद्यावर टाकून मुकाट घरी गेला. वहीतही नाव गोपाचंच होतं!

"अशक्य!" महाराज कडाडले. "ओवी तर माझ्या हातात आहे! गोपा आला कुठून?"

गडावरच थांबलेल्या साळूने पदर तोंडाला लावला. "म्हाराज, मोजलंत कुठनं?"

"पहिल्या ओवीपासून! मोजायचं तर पहिल्यापासूनच!"

"पैली ओवी देवाची असती, म्हाराज. देवाला कुणी कामाला लावतं का? आमचं काम दुसरीपास्नं." आणि तिने दुसरी म्हणून दाखवली.

*दुसरी माझी ओवी, गोठ्यातल्या गाईला*
*आधी पाणी पाजा, मग हाक मारा आईला*

महाराजांनी मोजलं. चौथा शब्द गोठ्यातल्या, सातवा पाणी. गोपा! साळूने हे अंताजीला सांगितलंही नव्हतं. जात्याच्या घरघरीत वाढलेल्या पोराला ते सांगायचं काय? तात्याबांनी पहिली ओवी मोजायला घेतली, तेव्हा अंताजीच्या म्हाताऱ्या आईनेच त्यांना झापलं होतं.

तरी महाराज हट्टाला पेटले. "आज मला कळलं, उद्या शेजाऱ्याला कळेल! त्याचा माणूस येऊन सगळ्या ओव्या ऐकेल! मग काय करशील?"

"येऊ द्या की! पण जात्याशी आलेल्या माणसाला आमच्या म्हाताऱ्या नुसतं बसू देतात व्हय? खुंटा हातात देतात! पायलीभर दळून झाल्यावर चोरी करायला जोर उरला, तर खुशाल करू द्या त्याला!"

महाराजांनी प्रधानजींकडे पाहिलं. प्रधानजींनी दोन्ही तळहात पुढे केले.

"चार दिवसांत ओव्या मिळाल्या दोन, महाराज," ते म्हणाले, "आणि फोड आले सहा."

महाराज इतके हसले, इतके हसले, की त्यांना सिंहासनाचा हात धरावा लागला! तिथल्या तिथे त्यांनी पाटाचं दार उघडंच ठेवायला लावलं, साळूला पाटाच्या दफ्तराची कारभारीण नेमलं आणि बारा आयांना दर दसऱ्याला लुगडं-चोळी लावून दिली. प्रधानजींच्या हातांना तूप लावायचा हुकूमही झाला, पण तो सगळ्यात शेवटी.