मुक्यांच्या रांगेत

"मग चूक कुणाची, मास्तर? माझी?"

बाबालाल मास्तरांनी चहा बशीत ओतला. फुंकर मारली. प्याले.

विचारणारा बजरंग वायदंडे. आमच्याच लग्नाच्या बँडमध्ये मास्तरांच्या हाताखाली ट्रॉम्बोन शिकला, मग पुण्याला जाऊन स्वतःचा बँड काढला, 'पितळी टोळी'. ते वाजवतात त्याला फंक म्हणतात. ऐकणाऱ्याची कंबर आपसूक हलली पाहिजे, एवढंच मला त्यातलं कळलेलं. आणि हलायची हो! परदेशातसुद्धा लोकांना नाचवून आला गडी. मी मात्र तासगावात अजून झांजाच वाजवतोय. असो.

"चौघं सोडून गेले," बजरंग म्हणाला. "उरलेले पाच जण महिनाअखेर जाणार. टोळी मोडली, मास्तर. वीस वर्षं घातली मी त्यात..."

मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

"का गेले?" मास्तरांनी विचारलं.

"माझा ठेका त्यांना जमत नाही. ठोका कुठं मागं ओढायचा, किती उशिरा पाडायचा, सगळं कॉम्प्युटरवर मोजून दिलं. तरी जमेना. मी ओरडलो. रोज ओरडलो."

"ठेका तुझा?"

"माझाच की. लोक ओळखतातच मला त्या ठेक्यावरून."

मास्तरांनी बशी खाली ठेवली.

"आज वरात आहे. एक माणूस कमी पडतोय. येतोस का?"

बजरंगचा चेहरा उजळला. "वाजवतो की!"

"वाजवायचं नाही. मुका पाहिजे."

मला हसू आवरेना. एकवीस माणसांचा बँड ठरलेला असतो आणि वाजवणारे भरतात सोळा. मग उरलेल्या पाच जणांना नुसता ड्रेस चढवायचा, हातात वाद्य द्यायचं आणि रांगेत उभं करायचं. त्यांनी गाल फुगवायचे, फुंकायचं नाही. त्यांना आम्ही मुके म्हणतो. ज्याला काहीच येत नाही, तो मुका.

बजरंग लालबुंद झाला. मला वाटलं, उठून जाणार.

"...ड्रेस कुठाय?" तो म्हणाला.

ट्रॉम्बोनवाले नेहमी पहिल्या रांगेत चालतात. पुढं-मागं सरकवायचा दांडा पुढच्याच्या पाठीत बसायला नको म्हणून. मास्तरांनी बजरंगला शेवटच्या रांगेत घातलं, सिदूनाना आवळ्यांच्या शेजारी. नानांच्या गळ्यात मोठा ढोल.

ऊन उतरलं होतं. द्राक्षबागांकडून गार वारं येत होतं. घोड्यावर नवरानवरी, पुढं बाया नाचतायत, आणि रस्त्यावरची सगळी धूळ पिवळी होऊन आमच्याबरोबर चाललेली. अशा वेळी मला आपण वाजवतोय असं वाटतच नाही. कुणीतरी आपल्याला झोपेतून चालवत नेतंय असं वाटतं.

पहिल्या चौकापर्यंत बजरंग मान खाली घालून चालला. गाल फुगवलेले. कुणी ओळखलं तर काय, एवढाच घोर.

दुसऱ्या चौकात त्याने गाल फुगवायचं सोडलं.

मी वळून बघितलं. तो नानांच्या पायाकडं बघत होता.

नानांचा डावा पाय अधू. कधीकाळी बैलगाडीखाली आलेला. गावाला ते माहीत, बजरंगलाही माहीत. पण तो कायम पुढं आणि फुंकण्यात दंग. मागं काय चालतं ते कानात मुरलं, पण लक्ष देऊन त्याने कधी ऐकलंच नव्हतं.

नानांचा डावा पाय जरा उशिरा पडायचा. त्याच्याबरोबर ढोलही उशिरा पडायचा. आणि तो पडेपर्यंत अख्खा बँड अर्धा श्वास रोखून थांबायचा. हे कुणी कुणाला शिकवलेलं नव्हतं. मीसुद्धा झांजा हवेत धरून थांबायचो. नाना आमचे, त्यांना टाकून पुढं कसं जायचं?

आणि त्या थांबण्यातच पुढच्या बायांच्या कंबरा हलायच्या.

बजरंग चालता चालता उभाच राहिला. वरात पुढं गेली. तो तिथंच, त्या पिवळ्या धुळीत, ट्रॉम्बोन छातीशी धरून.

वरात दारात पोचली तसे मास्तर मागं आले. मीही गेलो, राहवेना म्हणून.

"मास्तर..." बजरंग रडत होता, उघड उघड. "हा तर नानांचा पाय. मी लोकांना माझा ठेका म्हणून सांगत फिरलो."

मास्तरांनी बाहीवरची धूळ झटकली.

"आणि माझ्या टोळीतली पोरं... त्यांना मी हे मोजून शिकवत होतो. आता काय सांगू त्यांना?"

लांबून नाना येताना दिसले. ढोल पोटाशी, सावकाश.

मास्तरांनी विचारलं, "तुझ्या टोळीत अधू कोण आहे?"

बजरंगने तोंड उघडलं. एकेक नाव मनात घेत असावा.

"माहीत नाही, मास्तर."

"मग ठेक्यात थांबतोस कुणासाठी?"