राजाच्या तळपायांतला जाळ

एका राज्यात राजा पृथुसेन तळ्यात बसून राज्य करी. सिंहासन गुडघाभर पाण्यात, राजाचे पाय पाण्यात, आणि राजाचे पाण्यात म्हणून प्रधानाचेही पाण्यात. सेनापतीला बारमाही पडसे. मासे पोटऱ्यांना टोचत, म्हणून न्यायाधीश निवाडा देता देता मध्येच दचकत. परराज्यांचे वकील धोतर खोचून मुजरा करीत आणि घरी गेल्यावर त्याची वाच्यता करीत नसत.

हे राजाचे चाळे नव्हते. त्याच्या तळपायांत जाळ पेटला होता. बाहेरून ना फोड, ना डाग. पण मोरपीस लागले तरी राजा कळवळे. असा रोग कुणी पाहिला नव्हता, ऐकला नव्हता. एका वैद्याने वात सांगितला, दुसऱ्याने पित्त. तिसरा म्हणाला, "महाराजांच्या मनाचे खेळ आहेत."

त्या दिवशी राजा राणी सुवेणीला म्हणाला, "जाळ मी सोसतो. हे ऐकून घेणे मात्र सोसवत नाही."

राणीच्या अंगाचा तिळपापड झाला. तिसऱ्या वैद्याला तिने वेशीबाहेर पोचवले आणि वृद्ध वामदेव वैद्यांना बोलावले. त्यांनी पायांना हात न लावता खूप वेळ पाहिले. मग म्हणाले, "महाराजांना फार दुखते आहे. हा रोग मला ठाऊक नाही. औषधही ठाऊक नाही." राणीने गळ्यातला हार काढून त्यांना दिला. इतके खरे बोलणारा तो पहिलाच वैद्य होता.

तेवढ्यात काठच्या कडुनिंबावरून एक भारद्वाज बोलला. तांबड्या पंखांचा, लाल डोळ्यांचा, आणि अंमळ आगाऊ.

"राणी, हा रोग नव्हे, शाप आहे. अंगारनाथ मांत्रिकाने रानात सोन्याचा हंडा पुरला. जो कुणी तो ओलांडील, त्याचे पाय पेटतील. हरणामागे धावताना राजाने ओलांडला. जाळ आता गुडघ्यापर्यंत चढला आहे. काळजाला भिडला की राजाची राख होईल."

"उपाय?"

"जाळ तीन जागी आहे. कातडीत, रक्तात आणि हाडांत. जगात आणखी तिघे असेच जळत आहेत. प्रत्येकाला एकेक उतारा सापडला आहे. एकेकट्याने बरा कुणीच होत नाही. तिघांची तिघांना खबर नाही."

राणीने घोड्यावर खोगीर चढवले. भारद्वाज वाट दाखवायला पुढे उडाला.

पहिली होती सारजा कुंभारीण. निळ्या चिखलाच्या खड्ड्यात पाय रुतवून ती बसली होती. "काम टाळायला सोंग घेते, म्हणतात मला," ती फणकारली. "आपणही तेच म्हणायला आलात?"

"नाही," राणी म्हणाली. "मऊ गादीवर ठेवले की आणखी पेटतात ना? आणि वारा लागला तरी डोळ्यांत पाणी येते?"

सारजा पाहतच राहिली. "आपल्याला कसे ठाऊक?"

"माझ्या घरी आहे."

तेव्हा सारजा ढसाढसा रडली, आणि रडता रडता हसू लागली. कातडीचा दाह शमवणारा तो चिखल तिने मडक्यात भरला आणि ती म्हणाली, "मला घोड्यावर घ्या. मला राजेसाहेबांना पाहायचेय."

दुसरा होता भंडोदर राक्षस. तो डोंगरावर धाडधाड उड्या मारी आणि खालची गावे म्हणत, आज राक्षस रागावला. जवळ जाऊन पाहावे, तर तो पाय झाडत होता आणि कसल्याशा काळ्या वेलीची पाने चघळत होता.

"हंडा लुटायला गेलो होतो, खोटे कशाला बोलू," तो म्हणाला. "या पानांनी रक्त निवते. पाने घेऊन जा. मी येणार नाही. राक्षसाला दुखते, हे कळले तर पोरेही खडे मारतील."

राणी म्हणाली, "माझा राजा भर दरबारात रडतो. दरबार थांबतो. डोळे पुसून झाले की पुढचा फिर्यादी येतो."

राक्षसाने नाक पुसले, सारजेला खांद्यावर घेतले आणि तो निघाला.

तिसरा बर्फाच्या गुहेत बसला होता. तो होता खुद्द अंगारनाथ! आपलाच हंडा कुठे पुरला ते विसरला आणि शोधता शोधता ओलांडून बसला.

"परत फिरा!" तो गरजला. "भस्म करीन!"

राक्षसाने मूठ उगारली. सारजा खांद्यावरून म्हणाली, "आधी मंत्र, मग मार."

राणी पुढे झाली. "मांत्रिका, तुझ्यावर माझा फार राग आहे. पण हाडे निववणारा मंत्र तुझ्यापाशी आहे आणि बाकीचे दोन उतारे आमच्यापाशी. चल."

अंगारनाथाने झग्याखालचे पाय पाहिले. मग खाली मान घालून उठला.

तळ्याकाठी वामदेवांनी चिखल वेलीच्या रसात खलला, अंगारनाथाने त्यावर मंत्र म्हटला. चौघांच्या पायांना लेप लागला. घटकाभराने त्या पायांतून काजव्यांचे थवे निघाले आणि झाडांत शिरून बसले. सारजा नाचली. राक्षस नाचला, तेव्हा तळे हिंदकळले आणि प्रधान पडला. मांत्रिकाला मार द्यायचा होता, ते सगळेच विसरले.

पुढे अंगारनाथाने हंडा उकरून राणीपुढे ठेवला. त्या सोन्यातून वामदेवांसाठी मोठे घर उभे राहिले. ज्यांचे दुखणे कुणालाच कळत नाही, ते दूरदूरून तिथे येऊ लागले, एकमेकांना भेटू लागले. कुणी बरे झाले, कुणी अजून वाट पाहत आहेत. पण 'मनाचे खेळ' म्हणायची तिथे कुणाची छाती नाही.

ते सगळे पुढचे. त्या घटकेला राणी आपल्या हातांनी राजाच्या पायांवरचा लेप धूत होती. धुता धुता तिचे बोट तळपायाला लागले आणि राजा ओरडला.

राणीने चटकन हात मागे घेतला. "दुखले?"

राजा आपल्या पायाकडे पाहत होता.

"नाही," तो म्हणाला. "गुदगुल्या झाल्या. पुन्हा कर."