पुढे आलेला तळहात

एकदा एका भांड्यांच्या व्यापाऱ्याने आपल्या लेकीला टेकडीवरच्या विद्यालयात घालायचे ठरवले. ते विद्यालय अभ्यासासाठी आणि शिस्तीसाठी पंचक्रोशीत विख्यात होते. तिथून शिकून निघालेली मुले पुढे कुठेही अडत नाहीत, असे लोक म्हणत. आणि तिथे टिकणे म्हणजे खायचे काम नव्हे, हेही तेच लोक त्याच दमात म्हणत.

विद्यालयाची एक रीत होती. काम नीट झाले नाही तर तिथे कोणी रागावत नसे. शिक्षक शांतपणे एकच शब्द उच्चारत, “पुन्हा.” गणित चुकले, पुन्हा. अक्षर वाकडे आले, पुन्हा. अंगण झाडताना कोपरा राहिला, पुन्हा. वृद्ध आचार्यांच्या धोतराच्या निऱ्या नीट बसल्या नाहीत, तर ते आरशात बघून स्वतःलाच ‘पुन्हा’ म्हणतात, असे मुले शपथेवर सांगत.

प्रवेशाच्या दिवसांत येणाऱ्या कुटुंबांना आचार्य स्वतः भेटत. त्या वर्षी त्यांच्या मदतीला एक तरुण शिष्या होती. तिचे नुकतेच लग्न झाले होते. सासर टेकडीच्या पायथ्याशी, त्यामुळे ती सकाळी वर येई आणि दुपार कलली की खाली जाई. बोलणे बेताचे, नजर मात्र तीक्ष्ण. सासरी ती नजर बहुतेक वेळ जमिनीकडे असे, आणि ‘सून कशी विनयशील मिळाली’ असे शेजारणींत तिचे कौतुक होई. मान खाली घातली की कौतुक होते, इतके स्वस्त कौतुक तिला माहेरी कधी मिळाले नव्हते.

त्या वर्षी पहिला आला तो हा व्यापारी, लेकीला पुढे घालूनच. मुलीचे नाव कुमुद. दहा-अकरा वर्षांची, तेल लावून घट्ट वेणी घातलेली, परकराच्या घड्या मोडू नयेत अशा बेताने बसलेली.

“विचारा आचार्य, काय हवं ते विचारा,” व्यापारी म्हणाला. “आमच्या दुकानात गिऱ्हाईक भांडं वाजवून घेतं. तुम्हीही वाजवून घ्या. वर्षभर खास शिकवणी लावली होती. चुकणार नाही.”

आचार्यांनी शिष्येकडे पाहून मान हलवली. तिने सुभाषिते विचारली, त्रैराशिकाचे हिशेब घातले, नद्यांची नावे विचारली. कुमुदने सगळे बिनचूक सांगितले. आवाज लहान, पण कुठे अडखळणे नाही. उत्तर देताना तिची नजर वर आली नाही. ती समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघत नव्हती; हातांकडे बघत होती. शिष्येने उत्तरीय सावरायला हात उचलला की मुलीची नजर हाताबरोबर वर जाई, हात खाली आला की नजरही खाली. हे शिष्येच्या लक्षात आले आणि तिने मनाशी म्हटले, ‘किती एकाग्र, आणि किती विनयी!’

आचार्यांनी मात्र मुलीला एकही प्रश्न विचारला नाही. तेवढ्यात जेवणाची घंटा झाली. ते काठी टेकत उठले आणि म्हणाले, “चला शेटजी, पंगतीची पानं मांडायची आहेत.”

“मांडायची म्हणजे? गडी नाहीत का इथे?”

“आहेत ना. आज तुम्ही आहात.”

शिष्या चकित झाली. प्रवेश मुलीचा, आणि पाने बापाने मांडायची? हा काय प्रकार? पण आचार्य केव्हाच भोजनशाळेकडे निघाले होते. तिथे भिंतीकडेने मुले उभी होती आणि कोपऱ्यात पत्रावळींचा गठ्ठा होता. नियम साधा होता. पाने सुतासारखी सरळ रांगेत पडली पाहिजेत. एक जरी पुढेमागे झाले तरी रांग उचलायची.

व्यापाऱ्याने हसत हसत पाने मांडली. रांग मध्यावर पोटुशी झाली.

“पुन्हा,” आचार्य म्हणाले.

“बघ कुमे, तुझ्याआधी माझीच परीक्षा!” तो मोठ्याने हसला, पाने गोळा केली, परत मांडली. या वेळी रांग टोकाला डावीकडे गेली.

“पुन्हा.”

आता हसणे थोडे कमी झाले. त्याच्या दुकानात त्याचा शब्द कोणी परत पाठवत नसे; आणि इथे शिंच्या पत्रावळी परत येत होत्या. भिंतीकडेच्या एका दातपडक्या मुलीला त्याची दया आली. “काका, भिंतीकडे बघू नका, फरशीच्या रेघेकडे बघा,” ती म्हणाली. “माझं काल सारखं पुन्हा-पुन्हा होत होतं. शेवटी आमटी गार झाली!” मुले खुसखुसली. कोणाला त्यात काही विशेष वाटत नव्हते.

व्यापाऱ्याने तिसऱ्यांदा पाने मांडली. घाम पुसत उभा राहिला. रांग जवळजवळ सरळ होती. शिष्येला वाटले, आता तरी आचार्य मान डोलावतील. वयाने मोठा माणूस, दारी आलेला पाहुणा, किती ताणायचे?

आचार्यांनी रांग डोळ्यांखालून घातली. “पुन्हा.”

व्यापाऱ्याचा चेहरा तांबडालाल झाला. त्याने हातातले पान खाली टाकले आणि रागाने वळला. तो कोणाकडेच वळला नव्हता. नुसता वळला होता. पण वळला त्या बाजूला कुमुद उभी होती.

कुमुद दोन पावले पुढे आली. डोळे मिटले. आणि उजवा हात पुढे करून तळहात उलगडून धरला.

“माझंच चुकलं,” ती म्हणाली.

शिष्येला क्षणभर समजलेच नाही की मुलगी काय मागते आहे. मग तळहातावरचे फिकट वळ तिला दिसले. मघाशी ती ज्याला विनय म्हणाली होती, ते हे होते. मुलगी हातांकडे बघत होती ती एकाग्रतेने नव्हे. कोणता हात कधी उठेल, यावर ती पहारा देत होती.

“कुमे! अगं, हे काय?” व्यापाऱ्याचा आवाज फाटला. “आचार्य, देवाशपथ सांगतो, मी पोरीला कधी बोटही लावलं नाही हो!”

आचार्य गुडघ्यांवर हात टेकून हळूच खाली बसले. मुलीच्या उंचीला आले. “बाळ, डोळे उघड. हात कशाला पुढे केलास?”

कुमुदने डोळे उघडले, हात तसाच. “पुन्हा म्हटलं की हात पुढे करायचा.”

“कोणी सांगितलं?”

“शिकवणीच्या पंतोजींनी. ते म्हणतात ‘पुन्हा’, मग छडी.” तिला जणू आचार्यांनाच समजावून द्यायचे होते. “ते म्हणाले, टेकडीवर असंच असतं. आत्तापासून सवय हवी.”

शिष्येने आचार्यांकडे पाहिले. आजवर तिने त्यांना रागावलेले पाहिले नव्हते, घाबरलेले तर मुळीच नाही. आता ते घाबरले होते. आयुष्यभर ते हा शब्द प्रसादासारखा वाटत आले होते; टेकडी उतरून तो कोणाच्या हातात जातो आणि तिथे त्याचे काय होते, याची त्यांनी कधी चौकशीच केली नव्हती.

“तुम्हाला माहीत होतं, शेटजी?” त्यांनी विचारले.

व्यापारी खाली बघत होता. “पंतोजी म्हणाले होते, टेकडीवरची शाळा कडक, मुलीला थोडं तावून सुलाखून घ्यावं लागेल. मी म्हटलं, घ्या. कसं घेणार, ते मी विचारलं नाही.” मग त्याला आणखी काही आठवले आणि त्याने तोंडावर हात धरला. “ती एकदा म्हणाली होती मला, बाबा, हात दुखतो. मी म्हटलं, लिहून लिहून दुखत असेल. बरं आहे, म्हटलं.”

कुमुदचा हात अजून पुढेच होता. तो मागे कधी घ्यायचा, हे तिला कोणी शिकवले नव्हते.

मग आचार्यांनी जे केले ते पाहून शिष्या पुन्हा एकदा थक्क झाली. त्यांनी पत्रावळींचा गठ्ठा ओढून घेतला आणि ते फरशीवर सरकत सरकत स्वतः पाने मांडायला लागले. रांग अशी वाकडी झाली की तशी व्यापाऱ्याचीही झाली नव्हती. शेवटचे पान तर पार खांबाकडे गेले.

“कुमुद,” ते म्हणाले, “बघ बरं. जमलं का मला?”

कुमुदने रांगेकडे पाहिले. बापाकडे पाहिले.

“खरं सांग. इथे खोटं बोललेलं चालत नाही.”

“नाही जमलं,” ती पुटपुटली.

“मग मला काय म्हणायचं?”

शेवटी ओठांतल्या ओठांत ती म्हणाली, “पुन्हा.”

“बरं!” असे म्हणून आचार्यांनी पाने गोळा केली आणि परत मांडू लागले. पुढे काही घडले नाही. कोणाला छडी बसली नाही, कोणी ओरडले नाही, छप्पर कोसळले नाही. एक म्हातारा फरशीवर पाने मांडत होता, एवढेच. कुमुद टक लावून बघत राहिली. रांग संपली.

“पुन्हा,” ती म्हणाली. या वेळी ऐकू आले.

“अगं, माझे गुडघे!” आचार्य कण्हले. दातपडकी मुलगी फिस्सकन हसली, आणि कुमुदचा पुढे आलेला हात, कोणी न सांगता, खाली आला. ती फरशीवर बसली आणि खांबाकडे गेलेले ते पान तिने रेघेवर ओढून घेतले.

जेवणे झाल्यावर व्यापारी ओसरीवर आला. “आचार्य, आता तुम्ही प्रवेश देणार नाही, हे मला कळतं. माझ्यामुळे लेकीचं नुकसान झालं.”

आचार्य म्हणाले, “शेटजी, मी मुलांना प्रश्न विचारत नाही, कारण उत्तरं पाठ करता येतात. मी आईबापांना पानं मांडायला लावतो आणि मुलाकडे बघतो. आपलं माणूस चुकताना बघून कोणी हसतं, कोणी धावून मदत करतं, कोणी लाजेनं तोंड फिरवतं. त्यावरून कळतं, त्या घरात चूक झाली की काय होतं. हे विद्यालय अवघड आहे. इथे हुशारातलं हुशार मूलही रोज चुकतं. चुकावं असंच काम आम्ही देतो. ज्याला चूक म्हणजे काम वाटतं, ते मूल इथे फुलतं. ज्याला चूक म्हणजे अपराध वाटतो, ते इथे जळतं, आणि जळताना पहिला नंबरही काढतं, म्हणून कोणाला कळत नाही. तुमच्या लेकीची बुद्धी उत्तम आहे. पण भांडं वाजवून घ्यायचं ते आवाज ऐकायला. तडा जाईपर्यंत वाजवायचं नसतं. यंदा तिला घरी न्या. जवळच्या साध्या शाळेत घाला. आणि रोज तिच्यादेखत काहीतरी चुका, आणि हसून परत करा. तुमच्या पंतोजींकडे मी स्वतः जाणार आहे. त्यांनी माझा शब्द नेला आहे. तो मला परत आणायचा आहे.”

“आणि पुढच्या वर्षी?”

“पुढच्या वर्षी मला विचारू नका, तिला विचारा. मात्र त्याआधी एक दिवस यायला हवा. काहीतरी बिघडवून ती आपणहून तुमच्याकडे येईल आणि सांगेल, तो दिवस. त्यानंतर ती इथे आली तरी चांगलं, न आली तरी चांगलं.”

बापलेक टेकडी उतरून गेले. ते दिसेनासे होईपर्यंत शिष्या बघत राहिली. मग म्हणाली, “गुरुजी, मी तिची खाली नजर बघितली आणि तिला विनयी म्हटलं.”

“तू खाली बघतेस तेव्हा काय बघत असतेस, बाळ?”

तिने खरे उत्तर दिले. “कोणाची पावलं कुणीकडे वळताहेत, ते.”

आचार्य हसले नाहीत. नुसते म्हणाले, “मग तुला कळायला हवं होतं.”

पाऊसकाळ उलटून गेला, थंडी आली. एका सकाळी व्यापारी एकटाच धापा टाकत टेकडी चढून आला. चेहऱ्यावर असा आनंद की जणू दुकान दुप्पट झाले.

“आचार्य! काल लेकीनं नवी कोरी घागर विहिरीत पाडली!”

“अरे वा!” आचार्य म्हणाले. शिष्येला वाटले, अशा बातमीवर ‘अरे वा’ म्हणणारी माणसे जगात दोनच असतील आणि ती दोन्ही इथेच बसली आहेत.

“कोणाला पत्ताही लागला नसता. पण ती स्वतः दुकानात आली, भर गिऱ्हाइकांत. म्हणाली, बाबा, घागर गेली, गळ टाकून बघू या का? मी हाताकडे पाहिलं तिच्या. हात मागे नव्हता, पुढेही नव्हता. ओला होता नुसता.” त्याने उपरण्याने डोळे टिपले.

“घागर निघाली?”

“पहिल्यांदा नाही निघाली. गळ वर आला तो रिकामाच. तर मला म्हणते कशी, ‘पुन्हा!’”

“मग, विद्यालयाचं विचारलंत तिला?”

“विचारलं ना. सरळ माझ्याकडे बघून म्हणाली, ‘आधी मी एकदा जाऊन बघते, मग सांगते.’ आजवर शाळा मुलं पारखायची, आचार्य. आमची पोर शाळा पारखायला येणार आहे.”

“येऊ दे,” आचार्य म्हणाले. “पानं कोणी मांडायची, तेही तिलाच ठरवू दे.”

त्या दुपारी शिष्या टेकडी उतरून घरी गेली. सासूबाईंनी आमटीचा भुरका घेतला आणि म्हणाल्या, “मीठ जास्त पडलंय गं.” शिष्येने मान वर केली, त्यांच्या डोळ्यांत पाहिले आणि म्हणाली, “हो, पडलंय खरं. उद्या पुन्हा करते.” सासूबाई जरा दचकल्या, आणि मग त्यांनी पातेल्यात पाणी घालून आमटी परत चुलीवर ठेवली.

आपल्या मुलाला अवघड शाळा झेपेल का, हे विचारण्याआधी मुलाची चूक आपल्या घराला झेपते का, एवढे एकदा पाहून घ्यावे.