रेशमी दोऱ्यावरचे निदान

एका राज्यात, जिथली पाखरे माणसांची भाषा बोलत आणि त्याचे कुणाला नवल वाटत नसे, राणी पद्मलेखा राज्य करी. वय अडुसष्ट. कंबर गेली सत्तावीस वर्षे दुखत होती.

राणीच्या देहाला जो स्पर्श करील त्याचे हात तोडावेत, असा त्या घराण्याचा नियम. म्हणून राजवैद्य शर्वदत्त पडद्याआड बसे, राणीच्या मनगटाला बांधलेला रेशमी दोरा चिमटीत धरी आणि त्यावरून नाडी ओळखी. पहिल्या वर्षी तो म्हणाला, "चिंता फार करता." दहाव्या वर्षी म्हणाला, "हवा मानवत नाही." आता म्हणाला, "वय झाले, महाराणी."

त्या दिवशी राणीला सिंहासनावरून उठता येईना. दरबार रिकामा झाला, ती बसूनच राहिली. गवाक्षातली साळुंकी म्हणाली, "काजळडोंगरावर तारिणी मांत्रिकीण आहे. ती दुखणे काढते. पण तीन गोष्टी मागते."

"या वयात?"

"दुखणे या वयात आहे ना?"

पहिली गोष्ट, पालखी सोडून पायी यावे. राणी काठी टेकीत तीन दिवसांत डोंगर चढली.

दुसरी, दुखणे आहे तसे सांगावे. सवयीने राणी म्हणाली, "थोडेसे दुखते." डोंगर हलला आणि राणी पुन्हा पायथ्याशी उभी. आणखी तीन दिवस चढून ती आली आणि म्हणाली, "सत्तावीस वर्षांत मी कुशीवर वळले नाही. एकही नातवंड उचलून घेतले नाही. पोटच्या लेकीलाही हे सांगितले नाही." या वेळी डोंगर जागचा हलला नाही.

तिसरी, पाठ दाखवावी.

"तुझे हात तुटतील," राणी म्हणाली.

"नियम तुमचा. पाठही तुमचीच."

राणीने पाठ फिरवली. तारिणीची बोटे मणक्यावरून उतरत गेली आणि एका जागी थांबली.

"महाराणी, इथे बाण आहे."

राणीला वाटले, ऐकण्यात चूक झाली. मग तिला आठवले. एक्केचाळिसाव्या वर्षी तिने यक्षाची गुहा लुटली होती. यक्षाने रिकामे धनुष्य ओढले आणि सारे सैन्य हसले होते.

"डोळ्यांना दिसत नाही," तारिणी म्हणाली. "हाताला लागतो. पहिल्या दिवशीही लागला असता."

राणी खाली बसली. रडू आले नाही, रागही आला नाही. "पहिल्या दिवशीही," एवढेच ती म्हणत राहिली.

"यक्षाचे यक्षाला द्या. मग तो निघेल."

डोक्यावरचा मुकुट त्याच लुटीतला होता. राणीने तो उतरवून शिळेवर ठेवला. यक्ष आला, मुकुट घेऊन गेला. त्याच क्षणी तिकडे खजिन्यातले त्याचे सारे धन नाहीसे झाले. तारिणीने दोन बोटांनी ओढले. वीतभर काळा बाण बाहेर आला आणि डोळ्यांना दिसू लागला.

राणीने तो दरबारात शर्वदत्तापुढे ठेवला. म्हाताऱ्या वैद्याने बाणावरून बोट फिरवले.

"स्पर्शाची आज्ञा नव्हती, महाराणी."

"मी दिली नाही. तूही मागितली नाहीस."

कुणाचेही हात तुटले नाहीत. पडदा उतरला, नियम पुसला गेला, आणि शर्वदत्त काजळडोंगरावर शिकायला गेला.

बाण निघाला तरी दुखणे लगेच गेले नाही. जखम भरायला वर्ष लागले. अजूनही ढगाळ हवेत कंबर ठणकते. तेव्हा राणी पद्मलेखा भर दरबारात सांगते, "आज दुखते आहे," आणि ती सावकाश उठेपर्यंत सारा दरबार उभा राहतो.