पांढराईचे हात

तर एक होती गुरवीण. काय म्हणालास, राजाची पाहिजे? येईल हो राजा मागून, त्याला कसली घाई. आधी पाय आत घ्या. आणि शके, त्याची चादर ओढू नकोस, तुझी तुला आहे.

तर गुरवीण. नाव तिचं भिवरा. डोंगराच्या पायथ्याशी एक लहानसं देऊळ होतं. त्याची झाडलोट, दिवाबत्ती, पूजा सगळं भिवराकडे. नवरा लवकर गेला. एकुलती एक लेक साळू, ती लग्न होऊन राजाच्या नगरीत नांदायला गेलेली. मागे राहिल्या भिवरा आणि देवी, दोघीच.

देवी होती संगमरवराची. पांढरी, दुधावरच्या सायीसारखी, म्हणून सगळे तिला पांढराई म्हणायचे. कोणी घडवली, कधी घडवली, कोणाला ठाऊक नाही. पणजोबाच्या पणजोबाला विचारलं असतं, तर तोही म्हणाला असता, मी आलो तेव्हा ती होतीच. आणि तिचे दोन्ही हात पुढे केलेले, बरं का. कोणाकडून बाळ घेताना आपण करतो ना, तसे. गावात मूल झालं की बाराव्या दिवशी त्याला आणून त्या हातांवर निजवायचे. दगड तो, गारेगार. पण पोर रडायचं नाही, खुदकन हसायचं. आणि त्या हातांवर निजलेलं पोर कधी दगावलं नाही.

पांढराईला लुगडं नेसवायची एक रीत होती. आपल्या बायका नदीवर अंघोळ झाली की काय करतात? कोरडं लुगडं वरून गुंडाळतात आणि मग ओलं आतून सोडतात. देवीचंही तसंच. नवं आधी नेसवायचं, मग जुनं आतून काढून घ्यायचं. डोळ्याचं पातं लवेल तेवढा वेळसुद्धा तिला उघडी ठेवायची नाही. भिवराला तिच्या सासूनं हे शिकवलं होतं. इतकी वर्षं पूजा केली, पण भिवरानं स्वतःही देवीला कधी उघडी पाहिली नव्हती.

हं, आता येऊ दे तुमचा राजा. त्याच्या कानावर पांढराईची कीर्ती गेली. मग काय, राजाच तो, ऐकलं की हवं! म्हणाला, मला अश्शाच तीन देवी पाहिजेत. एक राजवाड्यात, एक राणीच्या बागेत, एक नगरीच्या चौकात. आणि त्यानं आपला मूर्तिकार पाठवला, नागोजी.

नागोजी आला, देवीला नमस्कार केला आणि म्हणाला, "गुरवीणबाई, लुगड्यावरून मला माप घेता येत नाही. एवढं लुगडं उतरवा. सुतानं मापतो आणि जातो."

भिवरा म्हणाली, "ते व्हायचं नाही."

तो गेला आणि राणीनं दिलेली भरजरी पैठणी घेऊन आला. देवीला नेसवा म्हणाला, फक्त आधीचं उतरवा. भिवरा म्हणाली, "पैठणी ठेवा. नेसवीन. पण आमच्या रीतीनं." तो पुन्हा गेला आणि राजाचा निरोप घेऊन आला, देवळाला चांदीची दारं करून देतो. भिवरा म्हणाली, "दारं कशाला? देवीला काय चोरांची भीती आहे?"

मग चौथ्यांदा आला तो रिकाम्या हातानं. दमला होता बिचारा. पायरीवर बसला, पाणी प्यायला. माणूस वाईट नव्हता हो. इकडच्या तिकडच्या गप्पा निघाल्या, आणि त्यानं सहज विचारलं, "तुम्हाला मूलबाळ काय?"

झालं. भिवराच्या डोळ्यांना धारच लागली. साळूचं पहिलं पोर नगरीतच झालं होतं. सासू मोठी खाष्ट. सून माहेरी पाठवायची नाही, आमचं पोर आमच्या घरात, म्हणाली. ते पोर काही पांढराईच्या हातांवर आलं नाही, आणि तीन आठवड्यांतच गेलं. आता साळूला पुन्हा दिवस होते. आणि सासू तीच, हट्टही तोच.

नागोजीनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "गुरवीणबाई, चौकात पांढराई उभी राहिली, तर तुमचं नातवंड तिच्या हातांवर निजेल. घरापासून चार पावलांवर."

आता सांगा, काय करावं त्या बाईनं? तुम्ही काय केलं असतं? मी काय केलं असतं, तेही मला सांगता येत नाही.

भर दुपार होती. गाव जेवून लवंडलेलं. भिवरा म्हणाली, "लवकर आटपा." नागोजी पाठ करून सुताचा गुंडा सोडवत बसला. भिवरानं लुगड्याला हात घातला. आणि पहिल्यांदाच, नवं न नेसवता, तिनं जुनं उतरवलं.

लुगडं हातात गोळा झालं, आणि तिनं वर पाहिलं. देवीचे हात पुढे नव्हते. एक हात छातीवर आला होता, एक खाली, पोटापुढे. मान जराशी वळवलेली. कोणी अवचित न्हाणीघरात शिरलं तर बाई कशी अंग चोरते, तशी पांढराई अंग चोरून उभी होती.

भिवरानं घाईघाईनं लुगडं गुंडाळलं. पाया पडली, रडली, "माय, चुकले गं." पण हात काही पुढे आले नाहीत.

नागोजीनं वळून पाहिलं. भिवरा त्याला म्हणाली, "बुवा, हे हात असे नव्हते." तो म्हणाला, "बाई, मलाही आधी पुढेच दिसले होते. पण दगडाचे हात हलतात का कधी? माझीच नजर चुकली असेल." भिवरा देवीच्या पायांशीच रडत बसली, तिनं त्याला अडवलं नाही. पदर बाजूला सारून त्यानं माप घेतलं आणि गेला.

आणि जसं पाहिलं, तसंच घडवलं त्यानं. तिन्ही मूर्ती पांढऱ्या शुभ्र, तिन्ही अंग चोरून उभ्या. लांबलांबून लोक बघायला यायचे. काय लाज, काय लावण्य, म्हणायचे. लोकांना ती कारागिरी वाटायची, आणि भिवराला ठाऊक होतं की ते तिच्या हातचं पाप आहे.

पुढे साळूला मुलगी झाली. भिवरा चालत चालत नगरीला गेली. बाराव्या दिवशी साळू बाळ घेऊन चौकात आली. लहानपणापासून तिनं पांढराईचे पसरलेले हातच पाहिले होते. आता ती मूर्तीकडे बघतच राहिली. एका हातावर जागा नाही, दुसऱ्यावर नाही. म्हणाली, "आई, कुठं निजवू गं हिला?"

भिवराच्या काळजाचं पाणी पाणी झालं. सगळं सांगितलं तिनं लेकीला, काही लपवलं नाही. आणि मग आपलेच दोन्ही हात पुढे केले. म्हणाली, "इथं निजव. त्या हातांची सर नाही यांना. पण जे आहेत ते हे आहेत."

बाळ हसलं नाही. रडलं, चांगलं टाहो फोडून रडलं. भिवरानं त्याला जोजवलं, थोपटलं, तेव्हा कुठं ते निजलं. पुढे ते आजारी पडायचं, बरं व्हायचं, पुन्हा पडायचं. पण जगलं हो. मोठं झालं.

भिवरा गावी परतली. गावातही कोणाला मूल झालं की बाराव्या दिवशी तिच्याच हातावर यायला लागलं. लोकांनी तिला दोष दिला नाही. तिनं मात्र रोज देवीपुढे तो उगाळला.

काय रे? देवी रागावली होती का? नाही बाळा. रागावली असती तर बरं झालं असतं, राग उतरतो. ती लाजली होती. मग तिनं हात पुढे केले का? नाही केले. अजून नाही.

साळू सुखात राहिली, तिची लेक सुखात राहिली, गावही आपलं सुखात राहिलं. आणि भिवरानं म्हातारी होईपर्यंत लोकांची लेकरं झेलली. संपली गोष्ट. आता हुंकार नको, प्रश्न नको. ये इकडे, डोकं ठेव माझ्या हातावर, आणि मीट डोळे.