भिंतीवरची सायकल

कार्बनची फ्रेम हे नवल होतं, त्या काळात तशा फ्रेमची एक डोंगरी सायकल जन्मली. तशा आता फारशा उरल्या नाहीत, म्हणून तिच्या मालकांनी, उकिडव्यांनी, तिला दिवाणखान्यात भिंतीला टांगलं होतं. खाली दाराशी त्यांची जुनी लोखंडी सायकल उभी असे.

"तुझं बरंय बाई," बाजारातून आलेली लोखंडी म्हणाली. "ना खड्डे, ना ओझं. माझे सांधे कुरकुरायला लागलेत."

"तुझा शीण जरा टेकलीस की उतरतो," वरची म्हणाली. "मी लटकून लटकूनच शिणले. माझा कशानं उतरायचा?"

तेवढ्यात घरी आलेल्या एका पाहुण्यानं भिंतीकडे बघत विचारलं, "चालवता का हो हिला?"

"भलतंच काय!" उकिडवे म्हणाले. "जमिनीला टेकूसुद्धा देत नाही!"

पाहुणा गेल्यावर ते लोखंडीवर टांग मारून निघाले आणि टेकडीपलीकडच्या दुकानातून वरचीसाठी पॉलिश घेऊन आले. लोखंडीची चाकं चिखलानं माखली होती.

फडकं फिरत असताना वरचीनं हळूच विचारलं, "चढ होता का गं वाटेत?"

"होता."

"कसा होता?"

लोखंडीला खरं तर डोळे मिटायचे होते. पण तिनं वर पाहिलं आणि अगदी पायथ्यापासून सांगायला सुरुवात केली.